रत्नाला लावलेला शब्द

इंग्रजी मिरवायच्या नादात मी एकदा तोंडघशी पडले, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या एका मुलीला मी पाहुण्यांसमोर ‘अनस्टेबल’ म्हटलं — मला वाटलं, त्याचा अर्थ चंचल! नातवंडं पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्या गोष्टीतलं खरं मी कुणाला, अगदी ‘ह्यांना’सुद्धा, कळू दिलं नाही.

परवा नात म्हणाली, “आजी, अनस्टेबलचं वाक्य सांग न.” सांगितलं — लंगडं स्टूल अनस्टेबल असतं. छान वाक्य. माझं पहिलं वाक्य असं नव्हतं.

तेव्हा मी आर्णीत नवी सून. गल्लीत इंग्रजी शिकलेली एकटीच, म्हणजे स्वतःच्या मते अर्धी मड्डम! ओट्यावर इंग्रजी पेपर धरून बसायची — उलटा धरला असता तरी कुणाला कळणार होतं? शेजारची रत्ना ब्लाऊज शिवायची. मशीनवर गायची, मध्येच खो-खो हसायची. माझ्या सासूबाई सारख्या तिच्याकडे. मी जळायची. हो, जळायचीच.

यवतमाळहून तिच्या स्थळाची माणसं आली. मुलीच्या घरी जायच्या आधी शेजारी चौकशी करायची, ही रीतच. शिकलेली म्हणून माझ्याकडे आली. “पोरगी कशी आहे, बाई?” मी चहा पुढे केला. “तशी चांगली आहे... डोक्यानं जरा अनस्टेबल आहे.”

चंचल? अर्थ मला पक्का माहीत होता. वेडी म्हणायची हिंमत नव्हती — आणि इंग्रजीत म्हटलं, की डॉक्टरनं सांगितल्यासारखं वाटतं, आपलं तोंडही स्वच्छ राहतं.

स्थळ मोडलं. पाहुण्यांनी निरोपात तोच शब्द धाडला. कोण म्हणालं, ते मात्र नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं अर्थ सांगितला. मग रत्नाच्या आईनं कात्री कुलपात ठेवली. मशीन विकली. विहिरीवर तिला एकटीला जाऊ देईनात. ती हसली, की घरातले एकमेकांकडे पाहायचे. पुढे ती हसेनाशी झाली.

मी शेजारीच राहत होते. भिंतीपलीकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं — मी खोटं बोलले. ते कधी म्हटलं नाही. आजही दुपारी घर शांत झालं, की मला भिंतीपलीकडे ती विकलेली मशीन ऐकू येते — सुरू होते आणि मध्येच थांबते.

त्याच दिवसांत एके दुपारी रत्नाच माझ्या ओट्याशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, आत कुणी नाही ना हे पाहून, हळूच म्हणाली —

“वहिनी, तुमाले इंग्रजी येते न. मले जे झालं, ते अनस्टेबल — त्याच्यावर औषध असते काय वो?”