माळ फोडणारे पणजोबा

मुरुम गावात आमचे एक शेजारी ओट्यावर बसून एकच गोष्ट सांगत. "हा समदा माळ आमच्या पणजोबानं एकट्यानं फोडला. धोंडा न् धोंडा येचला!" सांगताना घाम मात्र स्वतःचा पुसत.

एका सुगीला बैलावर बसून हेळवी आला. गावोगाव घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवायचं त्याचं काम. शेजाऱ्यांनी मला मुद्दाम ऐकायला बोलावलं.

हेळवी म्हणाला, "पणजोबा बसले लिंबाखाली, पणजीनं धोंडे येचून रान केलं."

"आरं, नीट म्हण की!" शेजारी ओरडले.

आतून त्यांची बायको सूपभर ज्वारी घेऊन आली. "हेळवीदादा, ही घ्या, अन् पुन्यांदा म्हणा."

त्यानंतरही शेजारी तीच गोष्ट सांगत. फक्त बायको रानात खुरपायला गेल्यावर.