शिगेनोच्या बाकाखालचे केस

हिरोशिमाजवळच्या कुमानो गावातली निम्मी घरं कुंचल्यांवर जगतात आणि त्या कुंचल्यांत शिगेनो हिरोसेचा कुंचला मानाचा. एकतीस वर्षं ती एकाच बाकावर एकच काम करत आली होती. शेळीच्या केसांच्या झुबक्यातला टोक तुटलेला किंवा उलटा फिरलेला केस बोटाने ओळखायचा आणि बोथट सुरीने उपसून टाकायचा. तिथे डोळ्यांना काही कळत नाही, जे कळतं ते बोटाला. कारखान्यात दांड्यावर नाव कोरलं जाई ते फक्त तिचं. हा मान तिला इतका गोड लागे, की दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की दिवसभर तिचं डोकं दुखे.

चिझुरू ओकामोतो तिथे केर काढायची. शिवणकामाचा कारखाना बंद पडला म्हणून चाळिशीत इथे आलेली, अबोल बाई. फरशीला चिकटलेले केस ओल्या फडक्याने टिपायचे, एवढंच तिचं काम. शिगेनोने तिला दोन वर्षांत ‘बाजूला व्हा’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

मार्चातल्या एका सकाळी शिगेनोच्या बाकावर बिननावाचा एक कुंचला पडलेला दिसला. ती तो उचलणार, तेवढ्यात मालक मात्सुबारा आले. त्यांनी कुंचला शाईत बुडवला आणि कागदावर एक रेघ ओढली.

“शिगेनोसान, हे रत्न लपवून ठेवलंत होय? दहा वर्षांत तुमच्या हातून असा उतरला नव्हता.”

शिगेनोला कौतुक ऐकू आलं आणि त्यातली चपराकही. मग दहा वर्षं काय उतरत होतं?

“नाव कोरून ठेवा. हिरोशिमाच्या प्रदर्शनाला हाच पाठवू.”

‘माझा नाही,’ हे दोन शब्द म्हणायला कितीसा वेळ लागतो? शिगेनो म्हणाली, “बरं.”

जेवणाच्या सुट्टीत चिझुरू भीतभीत जवळ आली. “शिगेनोसान, सकाळी बाकावर एक कुंचला ठेवला होता. बघितलात का? घरी करून पाहिला मी.”

“तुम्ही? कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. फडकं पिळताना बोटांना कळायला लागलं, हा केस मेलेला, हा चांगला. चांगला टाकवेना, म्हणून डब्यात साठवत गेले. बांधायचं कसं ते तुमचं बघून बघून.”

“कुणाच्या बाकाखालचे केस?”

“तुमच्याच. तिथेच चांगले जास्त पडतात.” चिझुरू हसली. “मनात म्हटलं, केवढी निवड ही. चांगल्यातूनही चांगलंच घेता तुम्ही.”

शिगेनोने जेवणाचा डबा मिटला. ती निवड नव्हती. तिच्या बोटांना आता चांगलं-वाईट कळेनासं झालं होतं आणि ही गोष्ट तिच्याआधी केरवालीच्या फडक्याला कळली होती. बाईने टोमणा मारला असता तर तिला परतून बोलता आलं असतं. पण ही भाबडेपणाने बोलत होती, म्हणून शिगेनोचा अधिकच जळफळाट झाला. कुठल्या शाळेत शिकली? कुणाच्या हाताखाली राबली? केर काढता काढता हिला हे मिळावं आणि आपण एकतीस वर्षं पाठ मोडून घ्यावी?

“बघते,” एवढं बोलून ती उठली आणि दुपारी तिने दांड्यावर स्वतःचं नाव कोरलं.

फरशी पुसता पुसता चिझुरूने ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “तुमचं नाव शोभेल इतका बरा झालाय तो?” ती कमरेत वाकली. “दुरुस्त करून घेतलात ना? फार उपकार झाले.”

शिगेनोने मान खाली घातली. कुंचला तसाच हातात घेऊन ती मालकांच्या खोलीत गेली.

“हा माझा नाही. चिझुरूसाननी केलाय. मी टाकलेल्या केसांचा.”

मात्सुबारांनी चष्मा काढला. “नाव तर तुमचं आहे.”

“चोरी केली. दांडा बदलून त्यांचं नाव घाला आणि उद्यापासून त्यांना बाकावर बसवा.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “बसवतो. तुमच्या समोरची जागा रिकामीच आहे.”

“समोर नको,” शिगेनो म्हणाली. “माझ्या पाठीमागे बसवा. त्यांची बोटं रोज दिसली, तर मी आज वागले तशी रोज वागेन.”