सत्काराची यादी

आमच्या गावात सत्कार केल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत. बदली झाली, शाल. बदली रद्द झाली, शाल. कुणाचा पोरगा तलाठी झाला तर पोराला एक, बापाला एक आणि शिकवणीच्या सरांना एक. एखादं नाव राहून गेलं तर तो माणूस वर्षभर डूख धरतो. ही यादी करायचं काम माझ्याकडे यायचं. दर वर्षी जयंतीचे फलक रंगवून माझं अक्षर चांगलं वळलं होतं. त्या अक्षराचा मला आजही राग येतो.

गाव तालुक्याचं. जिल्हा लातूर, मोठ्या खरेदीला मात्र लोक नांदेड गाठायचे, आणि दोन्ही लांबच. म्हणून आम्हाला स्वतःचा जिल्हा हवा होता. त्या दुष्काळाच्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, पण दुकानांच्या पाट्यांवर गावाच्या नावाखाली ‘नियोजित जिल्हा’ असं रंगवून झालं होतं.

टँकर दोन दिवसाआड यायचा. घागरी, डबे, कॅन रांगेत लावून आम्ही पोरी शाळेच्या ओट्यावर बसायचो. वाट बघण्यात दोन-तीन तास सहज जायचे. पाण्याला गेलेल्या पोरीला उशीर का झाला, हे घरात कुणी विचारत नसे. त्या ओट्यावर मला ती नीट कळली. टेलरची मुलगी, माझ्याहून वर्षभरानं लहान. लातूरला क्लासला होती, होस्टेलचं पाणी संपलं म्हणून घरी आले असं सांगायची. एकदा घागर पुढं सरकवून आली आणि आपणहून म्हणाली, “पाण्यापायी न्हाई आले मी. अंथरुणातून उठवतच नव्हतं. पुस्तक उघडलं की रडू यायचं.”

मग दुसरी म्हणाली, “मला बी तसंच व्हतं.” मग तिसरी.

तिचे अब्बा दर पंधरवड्याला दुकान बंद ठेवून तिला एसटीनं लातूरला, मनाच्या डॉक्टरकडे न्यायला लागले. गावात कुणी विचारलं तर अस्तराचं कापड आणायला जातो म्हणायचे. हे मला माहीत होतं. दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा निवळला आणि ओट्यावर तीच आमची पुढारी झाली. नवी पोरगी आली की तिला शेजारी बसवायची, मध्ये न बोलता पुरतं ऐकायची आणि शेवटी आपलं सांगायची. “मी जातेच की डॉक्टरकडं. काही होत न्हाई.” तिच्या एवढ्या बोलण्यावर चार पोरी आपापल्या घरी बोलल्या. माझं लांबलचक समजावणं ऐकून एकही बोलली नव्हती.

आठवड्यातून एक दिवस तो डॉक्टर आमच्याच गावातल्या दवाखान्यात यावा, असा अर्ज मी लिहिला आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. दवाखान्यात म्हणाले, नवा जिल्हा होऊ द्या, सगळे डॉक्टर येतील. तहसीलमध्ये तेच. नगरपंचायतीत तेच, वर चहा. “साहेब, पोरींना त्रास आज हाय,” मी म्हणाले. “मग आज लातूरला न्या,” ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची, पण नमस्कार करून बाहेर पडावं लागायचं.

शेवटी जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. तरुणांनी पुढं आलं पाहिजे, म्हणाले. युवा मेळावा घेऊ, मुंबईहून पाहुणे आणू, त्यांच्यासमोर तुमचा अर्ज तुम्हीच वाचा. आम्ही हरखलो. मंडप ठरला, बॅनरवर आमचे फोटो आले आणि सत्काराची यादी माझ्याकडे आली.

मी ती मन लावून केली. अठरा नावं झाली. शेवटचं तिचं, आणि पुढं कारण लिहिलं, ‘मानसिक आजारावर धैर्यानं मात’. खरं सांगते, सगळ्या यादीत मला तीच ओळ आवडली होती. मंडपवाल्यालासुद्धा शाल मिळणार आणि जिनं खरं काम केलं तिचं नाव नाही, हे मला सहन झालं नसतं.

पाहुणे दोन तास उशिरा आले. सत्कार सुरू झाले. सूत्रसंचालकानं तिचं नाव, वडिलांचं नाव, गल्ली आणि माझी ती ओळ माइकवरून वाचली. बायकांच्या बाजूला चौथ्या रांगेत बसलेली ती आधी उठलीच नाही. शेजारणींनी तिला हाताला धरून उठवलं. शाल घेताना तिनं मान वर केली नाही, आणि मला वाटलं, लाजली. मग पाहुण्यांना निघायची घाई झाली. नव्या जिल्ह्याचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. आमचा अर्ज वेळेअभावी राहिला, असं सूत्रसंचालक म्हणाला. अठरा सत्कार वाचायला त्याला वेळ कमी पडला नव्हता.

पुढच्या टँकरला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. तिच्या घागरी तिची अम्मी लावायची. माप द्यायला दुकानात गेलेली माणसं पोरीला काय झालं होतं ते विचारायची. ओट्यावरच्या पोरीही कमी झाल्या. एकीला तिच्या आईनं सांगितलं, “तिथं बसू नको. उद्या तुझं बी नाव घेतील माइकवर.”

आठवड्यानं मी दुकानात गेले. अब्बा मशीनवर होते. ती मुदखेडला खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेली, म्हणाले. तिकडून नांदेडचा दवाखाना जवळ पडतो, गोळ्या चालू हायत. मला हायसं वाटलं आणि मी लगेच बोलत सुटले. आम्हाला तिचा किती अभिमान आहे, आम्ही किती चांगल्या मनानं केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून ती शाल काढली, घडी तशीच होती, आणि काउंटरवर माझ्यापुढं ठेवली.

“बेटी, तिला विचारलं व्हतं का?”

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते.

जिल्हा अजून झालेला नाही. डॉक्टर अजून लातूरलाच आहे. नळ आले, टँकर बंद झाला, आणि त्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. ती परत गावात राहायला आली नाही. माझ्याकडे ती यादी अजून आहे, चांगल्या अक्षरातली. त्या यादीसाठी मी पाहुण्यांच्या माणसाला फोन करून, साहेबांना फेटा चालतो का, हे विचारलं होतं. अध्यक्षांना, मंडपवाल्याला, बँडवाल्याला, प्रत्येकाला भेटून विचारलं होतं की तुमच्याबद्दल काय वाचू. अठरा जणांतल्या सतरा जणांना मी विचारलं होतं.