न आलेला वास

नाकाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मलाही वर्षानुवर्षं शिंकांचा त्रास, म्हणून सहज विचारलं, "तुम्हाला कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. पण शिंकांसाठी कोण डॉक्टरकडे जातं?" मग त्या हळूच म्हणाल्या, "आई अंथरुणाला खिळली होती. दुखतं म्हणून कुशीवर वळवू देत नसे. एकदा शेजारीण आली आणि तिने दारातच नाकाला पदर लावला. आईच्या पाठीखालची जखम चिघळली होती. मी रोज तिथंच बसून तिला भरवत होते, पण शिंकांनी नाक कायम चोंदलेलं, मला वासच आला नाही."

दुखणं आपण अंगावर काढतो, तेव्हा ते आपल्याच अंगावर राहील असं वाटतं.

"आता कशा आहेत त्या?"

"गेली. आता बाबा अंथरुणावर आहेत, म्हणून आले."