टिलरवरची कृपा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सरकारी अर्ज भरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. भाताच्या खाचरांत चिखलणी करायला पॉवर टिलर घ्यायचं ठरलं, तेव्हा अनुदानाचा अर्ज मीच नसरापुरात बसून मोबाईलवर भरला. आधी पूर्ण पैसे देऊन टिलर घ्यायचा, मग तपासणी, मग अनुदान खात्यावर. पैसे थोडे कमी पडले म्हणून आईच्या दोन शेळ्या विकल्या. तिची अट एकच होती. अनुदान आलं की आधी शेळी आणायची, मग बाकीचं.

टिलर आला आणि चार दिवसांत खंडेनवमी आली. अवजारांची पूजा आमच्याकडे दरवर्षीच होते, पण एरवी कोयते, विळे आणि पहार एवढंच असतं. यंदा वडिलांनी टेम्पोंवर नावं रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. टिलरवर पिवळ्या रंगात ‘देवीची कृपा’ लिहायचं होतं. सपाट जागा एकच सापडली, इंजिनाशेजारची पत्र्याची पट्टी. मी शेजारी उभी राहून वेलांट्या तपासल्या. पट्टीवर बारीक आकडे कोरलेले मला दिसले होते, हे आता कबूल करते. पण पेंटरचा हात इतका सुंदर चालला होता की मध्येच कसं बोलणार?

पंधरा दिवसांनी कृषी सहायक मॅडम तपासणीला आल्या. टिलरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, “नंबर कुठंय?”

“कसला?” वडील म्हणाले.

“यंत्राचा. फोटोत शेतकरी, यंत्र आणि नंबर तिन्ही दिसायला हवं. त्याशिवाय अनुदान निघत नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी देवीच्या नावाकडे बोट केलं.

“शिकल्याली पोरगी हुबी व्हती की हितं!” चुलते म्हणाले. मग मॅडमना म्हणाले, “आसं करू. बिलावर बगून मागल्या अंगाला खडूनं नंबर लिवतो.”

मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना एकदम म्हशीची आठवण झाली. ते गोठ्याकडे गेले.

वडील हटून बसले. “देवीचं नाव पुसायचं? म्या न्हाई हात लावणार.”

तेवढ्यात आई आली. एका हातात पेंटर विसरून गेलेली थिनरची बाटली, दुसऱ्यात जुन्या लुगड्याचा बोळा.

“शेळ्या गेल्या माज्या, आन् कृपा देवीची व्हय? सरका तिकडं!”

“अगं, देवी कोपंल.”

“देवीचं मी बगते. शेळी न्हाई आली तर मी कोपीन, त्ये तुमी बगा.”

वडील सरकले.

आधी ‘कृपा’ गेली, मग ‘देवी’. खालून एकेक आकडा वर आला. मॅडमनी नंबर बिलाशी जुळवला आणि मोबाईल काढला. “काकू, तुम्ही बाजूला व्हा. सातबारा काकांचा आहे, फोटोत लाभार्थी एकटेच हवेत.”

आई बाजूला झाली. पण पूजेची सुकलेली झेंडूची माळ वडील काढू देईनात, आणि ती सारखी नंबरावर घसरत होती. त्यामुळे सरकारकडे जो फोटो गेला, त्यात वडील शिक्षा झाल्यासारखे ताठ उभे आहेत आणि कडेला मनगटापर्यंत पिवळा झालेला एक हात माळ उचलून धरतोय. तो कुणाचा, असं कुणीही विचारलं नाही.

बऱ्याच दिवसांनी अनुदान जमा झालं. आई वडिलांना घेऊन बाजारात गेली आणि पांढऱ्या कानांची एक काळी शेळी घेऊन आली. वडिलांनी पेंटरला पुन्हा बोलावलं. या वेळी जागा मी निवडली, मडगार्डवरची, आणि आकडे नाहीत ना हे बोट फिरवून दोनदा पाहिलं. वडील चहाला आत गेले तेव्हा आई पेंटरच्या कानात काहीतरी बोलली. मी जवळच होते. वेलांट्या याही वेळी मीच तपासल्या.

आमच्या टिलरवर आता ठळक पिवळ्या अक्षरांत ‘शेळीची कृपा’ लिहिलेलं आहे. देवी अजून तरी कोपलेली नाही. वडिलांचं मात्र मला नक्की सांगता येत नाही.