बाहेरून कडी

आमच्या लातुरातल्या पोरींच्या हॉस्टेलवर श्रीमंत नावाचा वॉचमन होता. नावाचाच श्रीमंत. मी केवळाबाई, तिथली स्वयंपाकीण. सहा वर्षं त्याला दोन येळचं जेवायला घातलं, पण माणूस म्हणून कधी पटला न्हाई. दुपारी दोन ते पाच अभ्यास. खोल्यांना बाहेरून कडी लावायची, म्हणजे पोरी डॉक्टर होतात, असा मालकाचा हुकूम. हा गडी मुकाट्यानं लावायचा. अन् स्वतःच्या खोलीचं दार थंडीवाऱ्यातबी सताड उघडं. मी म्हणायची, लई शहाणा लागून गेला.

किल्लारीकडचा होता. भूकंपात पोरगी गेली एवढंच ठाऊक. तसलं दुःख सांगणारे आमच्याकडं ढीगभर, मी काही कौतुक केलं न्हाई.

एका रविवारी टेस्ट संपली अन् लोहा गावच्या राजकन्या नावाच्या पोरीनं व्हरांड्यात लॅपटॉपवर भुताचा गेम लावला. भूत तर कुठं दिसतच न्हाई. रिकामं घर, नुसती पावलं वाजतात, अन् आतल्या खोलीतून लेकरू हाक मारतं. त्या खोलीचं दार लावलं तर आपण वाचतो, न्हाईतर मेलो. म्हणलं, रिकामटेकड्यांचे चाळे. पोरींनी श्रीमंतला बळंच बसवलं. दहा खेपा मेला येडा. दारापाशी जायचा अन् हात काढून घ्यायचा. पोरी खिदळल्या, मीबी हसले. पन्नाशी उलटलेला गडी अन् खेळातल्या लेकराला भितो.

राजकन्या म्हणाली, "काका, दार लावा की. तिथं कुणी खरं लेकरू हाय का?"

तो घामानं निथळत होता. म्हणाला, "लावलं होतं मी. गणपती बुडवून आलो, अंगणात झोपलो. कुत्रं शिरंल म्हणून बाहेरून कडी घातली. पोरगी आतून हाका मारायली होती. कडी हाताला लागेस्तोवर भिंत खाली आली."

दगडामातीचं घर, कडी नसती तरी वाचली नसती, असं मी म्हणाले. त्यानं ऐकलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले तरी श्रीमंत कडीला हात लावीना. मालक आला, तोंडाला येईल ते बोलला, शेवटी चालता हो म्हणाला. श्रीमंतनं काठी अन् शिट्टी ओट्यावर ठेवली अन् गेला. मला राग त्याचाच आला. सहा वर्षं लावलीस ना गुमान? मग आजच कुठला साधू झालास?

मालकानं माझ्याकडं बघितलं. आतून राजकन्येनं विचारलं, "मावशी, काका गेले का?"

"हाव," म्हणलं. अन् कडी मी लावली.