जयवंताची दोन नावं आणि आईचा अंगठा

माझी बायको जयवंता बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला ठरल्यापेक्षा सहा महिने आधीच बसली. त्यात माझ्या हातून झालेली चूक सांगायची राहून गेली होती, म्हणून हे लिहितो आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

सत्याहत्तर साली आमचं लग्न झालं. माहेरी ती नलिनी. आमच्या घरी सुनेचं नाव बदलायची रीत, म्हणून आईने ताटातल्या तांदळात माझ्याकडून 'जयवंता' लिहवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिने घरूनच अभ्यास करून बी.ए.चा दुसरा भाग दिला. तो फॉर्म तिने स्वतः भरला होता, माहेरच्या नावाने. शेवटचा भाग त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात द्यायचा. पण तिला दिवस गेले होते, जानेवारीत बाळंतपण. आई म्हणाली, "लेकरू झालं का पुस्तकं माळ्यावर." आई बोलली म्हणजे बोलली. म्हणून जयवंताने हिवाळी परीक्षेलाच बसायचं ठरवलं.

फॉर्म मी भरला. आमच्या तळेगावच्या पोस्टात उभं राहून, मोठ्या हौसेने, 'जयवंता' असं लिहिलं. मनात काही आलंच नाही.

ऑक्टोबरात आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. सुनेला एकटी सोडायची नाही म्हणून आई आली होती. पिपरीला जयवंताच्या मावशीकडे उतरलो. पहिला पेपर अकराला. केंद्रप्रमुखांनी प्रवेशपत्र आणि जुनी गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली.

"जयवंता कोण?"

"मी."

"मग ही नलिनी?"

"ते पन मीच."

"दोघींपैकी एकीनंच बसावं ना मग!" मागच्या रांगेतली मुलं हसली. माझे कान तापले.

शेवटी ते म्हणाले, "आजचा पेपर लिहा. दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र उद्या अकराच्या आत पाहिजे. सही सासरच्या वडीलधाऱ्या माणसाची. तुमची नको, घोळ तुमचाच आहे."

वडील नव्हते. वडीलधारं माणूस म्हणजे आई, आणि ती बाहेर कडुनिंबाखाली पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. मी सांगितलं. तिने तांब्या खाली ठेवला.

"मी काऊन अंगठा मारू? मले हे परीक्षाच नाई पाह्यजे. तिचे पाय पाह्यले का, कसे सुजले?"

"आई, कोर्ट पाचला बंद होते."

"होऊ दे."

तीन तास मी फाटकापासून झाडापर्यंत येरझारा घालत होतो. ही चूक तिला आयुष्यभर पुरेल, एवढंच डोक्यात. दोन वाजता जयवंता बाहेर आली. बोटांना शाई, चेहरा उतरलेला. मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही, त्याने मला अधिकच वाईट वाटलं. ती आईजवळ जाऊन बसली. सासूला ती मामी म्हणे.

"मामी, तुमच्या मनात नसन तर नका देऊ अंगठा. मी उद्या येतोच. आत नाई घेतलं तर दारात बसतो, पेपर संपेपर्यंत."

"दारात? हे पोट घेऊन?"

"हो."

"अन् येनारा-जानारा काय म्हनन? सासूनं बसवलं म्हनन!" आई ताडकन उठली. "रिक्षा बोलाव रे. पाहून काय राह्यला?"

कोर्टाबाहेर टंकलेखकाने कागद करून दिला. अंगठा उठवताना आई त्याला म्हणाली, "दोन नावं हायेत, पन सून एकच हाये. ते बी डोक्यावर बसलेली."

बाकीचे पेपर झाले. निकाल मात्र विद्यापीठाने नावाच्या तपासणीसाठी राखून ठेवला. दर आठवड्याला मी पोस्टात विचारून येई. जानेवारीत मुलगी झाली. जूनमध्ये पत्र आलं, जयवंता पास. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि तिला मांडीवर घेऊन आई बसली होती.

मला राहवलं नाही. म्हणालो, "माझ्या चुकीनं तुझे सहा महिने वाया गेले. उन्हाळ्यात बसली असतीस तरी निकाल आत्ताच लागला असता."

जयवंताने पत्राची घडी घातली.

"उन्हाळ्यात मले कोनं बसू देल्लं असतं?" ती म्हणाली.

आईने ऐकलं. मुलीच्या कपाळावरची माशी हाकलली.